इन्सुलिन: साठवणीचे रूप आणि कामाचे रूप

मानवी इन्सुलिन हे लहानसे प्रथिन आहे. त्यात अवघी ५१ अमिनो आम्ले असतात: ए साखळीत २१ आणि बी साखळीत ३०. गंधकाचे दोन पूल या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात, तर तिसरा पूल ए साखळीच्या आतच असतो. फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्सुलिनची ही मांडणी १९५५ पर्यंत पूर्ण उलगडली. मानवी इन्सुलिन तिच्याहून फक्त तीन जागी वेगळे आहे. पण मांडणी कळली म्हणून काम कळत नाही. खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. जो रेणू पेशीत साठून टिकायला हवा, त्यानेच रक्तात उतरल्यावर काही मिनिटांत काम उरकून नाहीसे व्हायला हवे. एकाच रचनेला हे दोन्ही कसे जमते?

स्वादुपिंडातील बीटा पेशी आधी ८६ अमिनो आम्लांची सलग साखळी तयार करतात. तिला प्रोइन्सुलिन म्हणतात. तिच्या मधल्या भागामुळे साखळीची घडी नीट बसते आणि गंधकाचे पूल योग्य जागी जुळतात. मग विकरे हा भाग कापून वेगळा काढतात. तोच सी-पेप्टाइड. तो इन्सुलिनबरोबरच रक्तात येतो, मात्र टोचायच्या इन्सुलिनमध्ये नसतो. त्यामुळे रुग्णाचे स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे सी-पेप्टाइडच्या तपासणीवरून कळते.

तयार इन्सुलिन जस्ताने समृद्ध असलेल्या सूक्ष्म कणिकांत साठते. तेथे रेणूंच्या जोड्या जुळतात आणि अशा तीन जोड्या दोन जस्त-आयनांभोवती बसून सहा रेणूंचा घट्ट समूह बनतो. बी साखळीतील दहाव्या जागेवरचे हिस्टिडिन जस्ताला धरून ठेवते. डोरोथी हॉजकिन यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने सुमारे ३५ वर्षांच्या चिकाटीनंतर १९६९ मध्ये ही रचना दाखवली. त्या गटात भारतीय स्फटिकशास्त्रज्ञ एम. विजयन होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

हा समूह मात्र निष्क्रिय असतो. रक्तात विरळ होताच तो सुटतो आणि काम करतो तो एकटा रेणू. पेशीच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरला चिकटताना बी साखळीचे शेपूट बाजूला सरकते आणि त्याखाली झाकलेला भाग उघडा पडतो. म्हणजे साठवणीतले बंद रूप आणि कामाचे उघडे रूप यांतला फरक बऱ्याच अंशी या शेपटाच्या हालचालीत आहे. त्यानंतर रिसेप्टरचा पेशीच्या आतला भाग जागा होतो आणि संदेशांची मालिका सुरू होते. तिच्यामुळे स्नायू व मेदपेशींत ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात. इन्सुलिन स्वतः साखर वाहून नेत नाही, हे ठामपणे सांगायला हवे. यकृतात तर त्याचे मुख्य काम ग्लुकोजची निर्मिती रोखणे हे आहे.

साधे मानवी इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी का टोचावे लागते, याचे उत्तरही येथेच आहे. त्वचेखाली समूह सुटायला वेळ लागतो. लिस्प्रो इन्सुलिनमध्ये शेपटातील २८ आणि २९ या जागांवरच्या प्रोलिन व लायसिनची अदलाबदल केली आहे. त्याने जोडीची पकड ढिली होते आणि एकटे रेणू लवकर रक्तात पोचतात. ग्लार्जिनमध्ये बदल उलट्या हेतूने केले आहेत. ते त्वचेखाली साक्यासारखे बसते, हळूहळू विरघळते आणि साधारण दिवसभर पुरते.