गिरणीचे छप्पर आणि छपराखालची जमीन

१/ मुंबईच्या लोअर परळमध्ये काचेच्या मनोऱ्यांआड आजही काही ठिकाणी करवतीच्या दात्यांसारखी छपरे दिसतात. ती कापडगिरण्यांची. त्या छपरांखालच्या जमिनीचा वाटा कोणाला मिळाला, याचा हा धागा.

२/ कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील दशकांत परळ, लालबाग, भायखळा हा पट्टा ‘गिरणगाव’ झाला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालू लागला.

३/ छपराच्या प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तराभिमुख असे. त्यामुळे साचेखात्यात थेट ऊन न येता सारखा उजेड पडे आणि तुटलेला धागा विणकराला चटकन दिसे. उंच, प्रशस्त दालने आणि भरपूर उजेड हेच गुण पुढे दुकाने, कार्यालये व उपाहारगृहांच्या पथ्यावर पडले.

४/ १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या सावरल्याच नाहीत. उरली ती सुमारे ६०० एकर जमीन.

५/ १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार पुनर्विकासात या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होणार होते : महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला.

६/ २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारतीखालची जमीन हिशेबातून वगळली गेली, पुढे ती इमारत पाडली तरीही. गिरण्या दाटीवाटीने बांधलेल्या असल्याने सार्वजनिक वाटा फारच आटला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

७/ फिनिक्स मिलच्या जागी व्यापारसंकुल आले, कमला मिलच्या आवारात कार्यालये आली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले. इंदू मिलची जमीन डॉ. आंबेडकरांच्या स्मारकाला मिळाली.

८/ जुनी वास्तू नव्या वापराने जगते, हे खरे. परंतु नियमाने वास्तूला अभय दिले नाही आणि कामगाराला छप्परही पुरेसे दिले नाही. गिरणीच्या जागी नवे काय आले, इतकेच विचारून म्हणूनच भागत नाही. ते कोणासाठी आले, हेही विचारावे लागते.