एकविसाव्या वर्षीचा प्रश्न

गंभीर गुन्हा केलेल्या अल्पवयीन मुलाचे शासनाने काय करावे, हा प्रश्न आपल्या प्रशासनापुढे दीडशेहून अधिक वर्षे उभा आहे.

१८५० च्या कायद्याने किरकोळ गुन्ह्यातील मुलांना कारागिरांच्या हाताखाली ठेवण्याची सोय केली. १८९७ च्या सुधारशाळा कायद्यानुसार १५ वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी ३ ते ७ वर्षे सुधारशाळेत ठेवता येई. वयाच्या अठराव्या वर्षानंतर मात्र नाही. पुढे मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) प्रांतांनी स्वतंत्र बालक कायदे केले. जम्मू-काश्मीर वगळता देशभरासाठी एकच कायदा होण्यास १९८६ साल उजाडले. त्यात मुलांसाठी १६ व मुलींसाठी १८ ही वयोमर्यादा होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी १८ केली.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेतील एक आरोपी अठरा वर्षांचा झालेला नव्हता. त्याला कायद्यातील कमाल शिक्षा, म्हणजे सुधारगृहातील ३ वर्षे, मिळाली आणि देशभर संताप उसळला. २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयोगटातील निर्घृण गुन्ह्यांचा खटला, प्राथमिक मूल्यांकनानंतर, प्रौढांप्रमाणे चालविण्याची वाट मोकळी केली.

सारी चर्चा वयाभोवती झाली; कलम १९ व २० कडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांनुसार दोषी ठरलेला मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत तुरुंगात नव्हे, तर ‘सुरक्षित स्थानी’ राहतो. तेथे त्याला शिक्षण, कौशल्य, समुपदेशन, वर्तनोपचार व मानसोपचार मिळावयाचे असतात. त्याच्या प्रगतीचा अहवाल दरवर्षी व्हावयाचा असतो. एकविसाव्या वर्षी बाल न्यायालय पाहते, की हा सुधारला काय? उत्तर होकारार्थी असेल तर सुटका, नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात.

म्हणजे त्या तरुणाचे भवितव्य बव्हंशी आपल्या फायलीवर अवलंबून आहे. समुपदेशकाचे पद रिक्त राहिले, कार्यशाळेला कुलूप राहिले आणि अहवालात दरवर्षी ‘वर्तन समाधानकारक’ एवढेच उतरले, तर न्यायाधीशांनी निर्णय कशावरून करावा? अशा वेळी नापास होते संस्था. तुरुंगात जातो तो मुलगा. किंवा उपचाराविना तो बाहेर पडतो आणि त्याची किंमत एखादे निरपराध कुटुंब मोजते.

वयाची रेषा संसद आखते. त्या रेषेअलीकडची ती चार-पाच वर्षे कशी जातील, हे मात्र प्रशासनाच्या हाती असते.