ड्रॅक्युला, प्लेग आणि मदनपुऱ्याचा उंबरठा

मनोरी-गोराईच्या गावठाणांत रस्त्याकडेला क्रूस दिसतात. ड्रॅक्युला फक्त पडद्यावर पाहिलेल्यांना क्रूस म्हणजे पिशाच्चावरचा उतारा, एवढेच ठाऊक. १९६७ साली लाहोरात ख्वाजा सरफराज यांनी ‘जिंदा लाश’ काढला. त्यातला प्रोफेसर तबानी अमरत्वाचे रसायन पिऊन पिशाच्च होतो आणि शेवटी उन्हाने मरतो.

मग ब्रॅम स्टोकरची कादंबरी वाचावी. तिथला काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या हिंडतो! ऊन लागून मरणे ही १९२२ च्या जर्मन मूकपटाची देणगी. पुस्तकात त्याच्या गळ्यावर चालते ती चक्क कुकरी.

पण खरे बोलते ते प्रकाशनाचे साल, १८९७. काउंट जहाजाने इंग्लंडात उतरतो आणि माणसे खंगू लागतात. मुंबईत १८९६ पासून प्लेग होता, तोही बंदरालगतच्या मांडवीतून पसरलेला. शहराच्या गावठाणांतले कित्येक क्रूस याच साथीत उभारले गेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, तपासणी पथके घरांत शिरू लागली.

कादंबरीतल्या पिशाच्चाला एक अट आहे. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत येता येत नाही. चित्रपट पाहताना ही अट सहसा ध्यानात राहत नाही. पथकांना तर अशी अटच नव्हती. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासायला पथक आले, जुलाहा विणकरांनी ते अडवले आणि दंगल पेटली. या विणकरांना अडाणी म्हणणे सोपे आहे. प्लेग खरा होता, तशी लेकीच्या अब्रूची धास्तीही खरी होती. दंगलीनंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली.