एका नगराचा प्रबंध

1957 साली मुंबई विद्यापीठाने आपल्या समाजशास्त्र ग्रंथमालेत एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा विषय मुंबई नव्हता, पुणेही नव्हते. तो होता बंगळूर. के. एन. वेंकटरायप्पा यांनी त्या शहराचा सामाजिक आणि परिसरविषयक अभ्यास करून हा ग्रंथ सिद्ध केला होता. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतील ‘सोशल फोर्सेस’ या नियतकालिकात नोएल गिस्ट या समाजशास्त्रज्ञाचा बंगळूरच्याच परिसररचनेवरील लेख छापून आला. एकाच शहराकडे दोन अभ्यासकांनी दोन दिशांनी पाहावे आणि दोघांचेही लेखन एकाच वर्षी लोकांसमोर यावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नगररचना व प्रदेशरचना या विषयांत पदव्युत्तर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून पहिला धडा मिळतो. शहर निवडणे सोपे असते. त्या शहराला कोणता प्रश्न विचारावयाचा, हे ठरविणे अवघड असते.

मुंबई विद्यापीठात शहरांचा अभ्यास सुरू झाला तो एका परदेशी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आगमनाने. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे. 1914 साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढील काही वर्षांत त्यांनी येथील अनेक शहरांचे अहवाल लिहिले. होळकरांच्या इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 मधला. पुढे 1919 ते 1924 या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. त्यांचे मुख्य सांगणे थोडक्यात असे होते: आधी पाहणी, मग योजना. वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसेच शहराच्या वैद्यानेही वागावे. गल्ली पाडून रुंद रस्ता काढणे हा त्यांना शूरपणा वाटत नसे. मोडकळीला आलेले एखादे घर काढून तेथे चार झाडे लावली तर काम भागते की काय, हे ते आधी पाहत. स्थळ, काम आणि लोक या तिहींचा परस्परसंबंध कळल्याखेरीज शहर कळत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता.

याच गेडीस यांच्यापुढे मालवणच्या एका तरुणाने मुंबई या नागरी केंद्राविषयी एक निबंध लिहिला. तो तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. त्या निबंधाने त्यांच्या विलायतेतील शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला आणि परत आल्यावर 1924 साली मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. ती त्यांनी 1959 पर्यंत वाहिली. बंगळूरवरील ग्रंथ याच कालखंडातला. गेडीस यांच्या पाहणीचा आग्रह आणि घुर्ये यांची इतिहासाची ओढ, असे दोन प्रवाह त्या विभागात एकत्र आले होते. शहराची आजची मोजदाद करताना ते कसे घडले हेही सांगितले पाहिजे, ही दृष्टी तेथूनच आली.

बंगळूर कसे घडले? 1537 साली केंपेगौडा या नायकाने मातीचा कोट बांधून हे गाव वसविले. कोटाच्या आत दोड्डपेट आणि चिक्कपेट हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदीत. वेशींची नावे त्या ज्या गावांकडे उघडत त्यांच्यावरून पडली होती: हलसूर, यलहंका, आनेकल आणि सोंडेकोप्प. आतल्या पेठांची नावे बहुधा धंद्यांवरून पडली. अक्किपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची, कुंभारपेट कुंभारांची. पेठ हा शब्द पुण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या विद्यार्थ्याला ही नावे वाचता येतात, त्याला शहराचा अर्धा जुना नकाशा कागदावाचून वाचता येतो.

1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांचा दरबार येथे भरे. त्या दरबारचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी 1922 साली संपादून प्रसिद्ध केला. पुढे शहाजीपुत्र एकोजीच्या काळात, 1669 साली, मल्लेश्वराच्या देवस्थानास मेदरनिंगनहळ्ळी हे खेडे दिल्याचा शिलालेख आहे. त्या वेळी हे देऊळ शहरापासून दूर, रानात होते. त्या परिसरात आज मल्लेश्वरम्‌ची दाट वस्ती आहे. 1687 साली मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर जिंकले आणि ते तीन लक्ष रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. मराठी वाचकाला या प्रकरणाचा जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संशोधकाने त्यातून निराळी गोष्ट टिपावयास हवी. शहराच्या इतिहासाची साधने शहराच्या भाषेतच सापडतील असे नाही. बंगळूरचा अभ्यास करणाऱ्यास कानडी तर हवीच. पण फारसी, मराठी, तमिळ आणि इंग्रजी कागदही त्याला ओलांडून जाता येत नाहीत.

1791 साली कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. 1809 साली जुन्या पेठेच्या ईशान्येस इंग्रजांनी लष्करी छावणी घातली. येथून पुढे बंगळूर हे एक नाव राहिले, पण शहरे दोन झाली. 1881 साली म्हैसूरचे राज्य वोडेयर घराण्यास परत मिळाले, तेव्हाही छावणीचा प्रदेश इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखाली ठेवण्यात आला. एका बाजूस म्हैसूर दरबारची नगरपालिका, दुसऱ्या बाजूस छावणीची. दोन्हींची दप्तरे वेगळी, भाषा वेगळी, पोलीसही वेगळे. पेठेत कानडी आणि तेलुगू अधिक, तर छावणीत तमिळ आणि उर्दू अधिक. ही दोन शहरे कायद्याने एक झाली ती डिसेंबर 1949 मध्ये, बंगळूर महापालिका स्थापन झाली तेव्हा.

आता या पार्श्वभूमीवर 1957 च्या त्या दोन अभ्यासकांकडे परत वळू. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात अर्नेस्ट बर्जेस यांनी 1925 साली शहराच्या वाढीची एक आकृती मांडली होती. मध्यभागी व्यापार, त्याभोवती मोडकळीस आलेल्या वस्तीचे वलय, मग कामगारांची घरे, मग सुखवस्तू लोकांची आणि सर्वांत बाहेर रोज ये-जा करणाऱ्यांची, अशी एकात एक वर्तुळे. शहर वाढते तसतसे प्रत्येक वलय पुढच्या वलयात शिरते आणि ज्याला परवडते तो बाहेर सरकतो. ही आकृती आटोपशीर होती आणि म्हणूनच मोहकही होती. गिस्ट यांनी ती बंगळूरला लावून पाहिली आणि ती जशीच्या तशी लागू पडत नाही असे त्यांना आढळले. ती लागू पडावी तरी कशी? ज्या शहराला एक मध्य नाही, ज्यात चिक्कपेट हे एक केंद्र आणि छावणीचा बाजार हे दुसरे, त्याभोवती एकच वर्तुळ कोठून काढणार? शिवाय 1898 च्या प्लेगच्या सुमारास बसवनगुडी आणि मल्लेश्वरम्‌ या नव्या वसाहती आकाराला आल्या, त्या काही बाजाराच्या रेट्याने नव्हे, तर सरकारने आखून. मध्यभागातून माणसे बाहेर पडली ती श्रीमंतीमुळे नव्हे, साथीच्या भयाने.

याचा अर्थ बर्जेस चुकले असा नव्हे. त्यांची आकृती शिकागोचे वर्णन होती. ती शहरमात्राचा नियम आहे असे धरून चालणाऱ्यांची चूक झाली. संशोधनाची आखणी करताना विद्यार्थ्यापुढे हाच पेच उभा राहतो. सिद्धांत हाती न घेता शहरात शिरला तर तो माहितीच्या ढिगाखाली बुडतो. सिद्धांत घट्ट धरून शिरला तर त्याला सिद्धांताखेरीज काही दिसत नाही. गिस्ट यांच्या लेखाचे मोल असे की, आकृती आणि शहर यांत तफावत दिसली तेव्हा त्यांनी शहराची साक्ष खरी मानली.

पाहणी कशी करावी याचा वस्तुपाठ पुण्यात घालून दिला गेला होता. 1930 साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचा पहिला भाग 1945 साली आणि दुसरा 1952 साली प्रसिद्ध झाला. कुटुंबांची निवड कशी करावयाची, प्रश्नावलीत काय विचारावयाचे आणि उत्तर न मिळाले तर काय करावयाचे, या गोष्टी आधी ठरवून मगच गाडगीळ यांचे सहकारी दारोदार गेले. बंगळुरातही पुढे अशी परंपरा रुजली. 1972 साली व्ही. के. आर. व्ही. राव यांनी तेथे सामाजिक व आर्थिक परिवर्तनाच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली आणि 1979 साली प्रकाश राव व तिवारी यांचा बंगळूर महानगराच्या रचनेवरील ग्रंथ बाहेर पडला.

तथापि, कुटुंबे मोजून शहर पुरते हाती येत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि त्याच्या कडेला एकही मोठी नदी नाही. जुने शहर तगले ते तळ्यांवर. एका तळ्याचे जास्तीचे पाणी खालच्या तळ्यात जाई, अशी त्यांची साखळी होती. 1890 नंतरच्या दशकात अर्कावती नदीवरील हेसरघट्ट येथून नळाचे पाणी आले आणि तळ्यांची गरज संपली असे लोकांना वाटले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण आहे. इकडे 1941 साली सुमारे 4 लक्ष असलेली लोकसंख्या 1951 साली 7 लक्ष 79 हजारांच्या घरात गेली. 1933 साली तिप्पगोंडनहळ्ळीचे पाणी आले होते, तेही पुरेना. अखेर 1974 साली सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून, शेकडो मीटर वर चढवून, कावेरीचे पाणी आणावे लागले.

म्हणून नगररचना आणि प्रदेशरचना हे दोन शब्द एकत्र उच्चारले जातात. ज्याने आपल्या प्रबंधाची सीमा महापालिकेच्या हद्दीवर आखली, त्याच्या बंगळुरात कावेरी नसते, हेसरघट्ट नसते आणि ज्या खेड्यांच्या शेतांवर उद्याची वसाहत उभी राहणार ती खेडीही नसतात. केंपेगौडाच्या नावाने ओळखले जाणारे चार बुरूज शहराची हद्द दाखवितात असे परंपरेने मानले जाई. ते चारही बुरूज शहराने केव्हाच पोटात घातले. हद्द ही शासनाची सोय आहे. शहर तिचे बंधन मानीत नाही, आणि संशोधकानेही ते मानण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्याचा प्रबंध बहुधा ग्रंथालयाच्या फळीवर धूळ खात पडतो असे म्हटले जाते, आणि ते पुष्कळदा खरेही असते. परंतु आराखडे करणारे अधिकारी कोठेतरी शिकलेले असतात, आणि शिकताना जे मोजावयास त्यांना कोणी सांगितले नाही ते त्यांच्या नकाशातही उतरत नाही. घरे मोजली गेली आणि घरे बांधली गेली. पाण्याची वाट मोजली गेली नाही, आणि तिच्यावर घरे बांधली गेली. मोठा पाऊस झाला की पाणी आपली जुनी वाट शोधीत त्याच घरांत शिरते. गेडीस यांनी सांगितलेली पाहणी अपुरी राहिली की तिची किंमत असे कोणीतरी चुकते करते, आणि बहुधा तो प्रबंध लिहिणाराही नसतो, आराखडा करणाराही नसतो.