‘द डार्क नाइट’ : आरंभीचा बँकदरोडा

क्रिस्टोफर नोलन दिग्दर्शित ‘द डार्क नाइट’ (2008) या बॅटमॅनपटाचे सुमारे सहा मिनिटांचे आरंभदृश्य. गॉथम शहरातील एका बँकेवर भरदिवसा पडणारा दरोडा हा त्याचा विषय. त्यात बॅटमॅन नाही, अचाट शक्तीचे प्रयोगही नाहीत. चित्रपटाचे नाव न सांगता हा भाग दाखवला, तर तो एखाद्या दरोडापटाचा तुकडा म्हणून सहज खपेल.

काचेच्या उंच इमारतीची एक खिडकी फुटते, दोघे तारेवरून समोरच्या छतावर उतरतात, तिघे मोटारीतून येतात. सर्वांच्या तोंडावर विदूषकाचे मुखवटे. ना पात्रओळख, ना पूर्वपीठिका. कामाची वाटणी थरारपटाच्या शिरस्त्याप्रमाणे होते : कोणी धोक्याची घंटा निकामी करतो, कोणी तिजोरी फोडतो, बाकीचे ओलिसांवर नजर ठेवतात. मोटारीत हिशेब निघतो. कामावर माणसे पाच, वाटे मात्र सहा; सहावा बेत आखणाऱ्याचा. हा जोकर म्हणवणारा सूत्रधार कुठेतरी सुरक्षित बसला असणार, असे बोलणारे धरून चालतात आणि प्रेक्षकही. प्रत्यक्षात तो त्याच मोटारीत बसलेला असतो. दृश्याची खरी करामत बंदुकांत नसून या हिशेबात आहे.

टेबलाखालच्या बॉम्बची खबर प्रेक्षकाला आधी असेल तर ताण, नसेल तर नुसता धक्का, हा आल्फ्रेड हिचकॉकने केलेला भेद प्रसिद्ध आहे. नोलन धक्क्यापासून सुरुवात करतो. घंटेचे काम आटोपताच एक दरोडेखोर आपल्याच साथीदाराला गोळी घालतो. तिजोरी उघडल्यावर पुन्हा तेच घडते, आणि इथे धक्क्याचे ताणात रूपांतर होते. कारण ज्याचे काम संपले त्याचे मरण ठरलेले, हे आता प्रेक्षकाने ओळखलेले असते. जोकर कोण, याची खूणही प्रामाणिकपणे दिलेली आहे. पहिल्या काही क्षणांतच तो रस्त्याच्या कोपऱ्यावर हातात मुखवटा घेऊन पाठमोरा उभा दिसतो. जोकर झालेल्या हीथ लेजरचा रंगवलेला चेहरा मात्र दरोडा जवळपास उरकल्यावरच समोर येतो. तोवर चेलोवरचा एक लांबलेला सूर ताण धरून ठेवतो. संगीत हान्स झिमर व जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचे.

मायकल मान यांच्या ‘हीट’ (1995) या गुन्हेपटाचे ऋण नोलनने लपवलेले नाही. त्या चित्रपटात काम केलेला विल्यम फिक्टनर इथे बंदूक घेऊन प्रतिकार करणारा बँक व्यवस्थापक झाला आहे. चित्रीकरण शिकागोतील जुन्या मुख्य टपाल कार्यालयाच्या इमारतीत, आयमॅक्स कॅमेऱ्यावर झाले. छायालेखक वॉली फिस्टर. हा अवजड कॅमेरा तोवर प्रामुख्याने माहितीपटांसाठी वापरला जात असे.

शेवट मात्र सैल आहे. बँकेची भिंत फोडून आत आलेली शाळेची बस पैसे घेऊन निघते आणि तशाच बसगाड्यांच्या रांगेत मिसळते. मागच्या चालकाला काहीच खटकू नये, ही सोय पटकथाकाराची आहे.

हे दृश्य डिसेंबर 2007 मध्ये, चित्रपटाच्या सात महिने आधी, निवडक आयमॅक्स चित्रपटगृहांत ‘आय ॲम लेजंड’पूर्वी स्वतंत्रपणे दाखवले गेले. ‘द डार्क नाइट राइझेस’ (2012) या पुढच्या भागाची सुरुवातही याच युक्तीवर बेतलेली आहे : विमानातील बुरखा घातलेल्या कैद्यांपैकी एकजण खुद्द खलनायक बेन निघतो.