डिझेल इंधनप्रणालीतील हवा काढणे
डिझेल वाहनाच्या इंधनमार्गात शिरलेली हवा बाहेर काढण्याच्या प्रक्रियेस बोलीभाषेत 'एअर काढणे' म्हणतात. टाकी पूर्ण रिकामी झाल्यास, फिल्टर बदलल्यास किंवा नळीचा सांधा सैल असल्यास हवा आत येते. डिझेल सहसा दबत नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे पंपाचा जोर बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो, इंजेक्टर उघडत नाही आणि टाकीत डिझेल असूनही इंजिन बंद पडते.

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांत फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारतात व बुडबुड्यांविना डिझेल येऊ लागताच स्क्रू आवळतात. गरज पडल्यास इंजेक्टरच्या नळ्यांचे नटही सैल करतात. कॉमन रेल इंजिनांत हीच सवय घातक ठरते. तेथे दाब १,००० बारच्या वर जातो आणि सुटलेली धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी उपचारांस उशीर झाल्यास बोट वा हात गमवावा लागू शकतो.