साथरोग अधिनियम, मराठवाडा आणि राजूर : एक ऐतिहासिक अवलोकन

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गणेशभक्तांचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र होय. चतुर्थी मंगळवारी येऊन अंगारकी झाली म्हणजे येथे भाविकांची मोठी गर्दी लोटते. अशा ठिकाणी साथ रोखण्याचा अधिकार शासनाला कोणत्या कायद्याने मिळतो, असे विचारल्यास १८९७ च्या साथरोग अधिनियमाकडे बोट दाखविले जाते. मराठवाड्यापुरते हे उत्तर अपुरे ठरते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अवघ्या चार कलमांचा हा अधिनियम संमत झाला. तात्पुरते नियम करणे, रेल्वे प्रवाशांची तपासणी करणे, संशयितांना विलग ठेवणे असे व्यापक अधिकार शासनाला मिळाले. सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षणही लाभले. पुण्यातील घरझडत्या आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेला हल्ला सर्वपरिचित आहे. मात्र हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. भोकरदनचा मुलूख निजामाच्या राज्यात होता.

१९४८ च्या विलीनीकरणानंतर हैदराबाद हे ‘ब’ वर्ग राज्य झाले व त्याने १९५० मध्ये स्वतःचा संसर्गजन्य रोग अधिनियम केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. सीमा बदलल्या, परंतु केंद्रीय अधिनियमाच्या व्याप्तीच्या कलमातून पूर्वीच्या ‘ब’ वर्ग राज्यांचे प्रदेश वगळणारे शब्द तसेच राहिले. हैदराबादचा तो अधिनियम कर्नाटकाच्या कलबुर्गी विभागात तर २०२० पर्यंत टिकून होता. केंद्रीय कायद्यातील अपवाद २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने निघाला. महाराष्ट्र शासनाने याच अधिनियमाखाली करोनाविषयक नियम त्यापूर्वीच, मार्चमध्ये, जारी केले होते. कायद्याच्या अभ्यासकांनी या विसंगतीकडे फारसे लक्ष दिलेले नाही, हे आश्चर्यकारक आहे.

राज्यातील सर्व मंदिरांप्रमाणे राजूरचे मंदिरही त्या काळात बंद झाले. १६ नोव्हेंबर २०२० रोजी प्रार्थनास्थळे उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली व ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, पुन्हा खुली झाली. दार लावण्याचा अधिकार असा तत्काळ अमलात येतो. यात्रेकरूंच्या पाण्याची, शौचालयांची व सांडपाण्याची व्यवस्था हा विषय मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचा आहे आणि तो गावाच्या तुटपुंज्या उत्पन्नावर सोडलेला आहे. यात्रेचा जुना शत्रू पटकी. तो पाण्यावाटे पसरतो. तरीही १८९७ च्या अधिनियमात पाण्याचा उल्लेख नाही. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली. ती आवश्यकच होती. पण पाणी आणि गटारे यांविषयी ही दुरुस्तीदेखील मूकच आहे.